गिटारची नेक आणि वखारीतले लाकूड

गिटारच्या नेकविषयी, म्हणजे तारांखालच्या लांब दांडीविषयी, दर पावसाळ्यानंतर तेच प्रश्न येतात. पुन्हा एकदा उत्तरे.

प्रश्न : सागाची नेक चालेल का?

चालेल. साग फार आक्रसत नाही, पण तेलकट असतो. जोड ताजा रंधून अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा.

प्रश्न : आणि शिसवीची?

नको. घनमीटरला 800 किलोंच्या आसपास वजन. गिटार हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे कलते. शिसव फिंगरबोर्डला, म्हणजे नेकवरच्या बोटे दाबायच्या पट्टीला ठेवा.

प्रश्न : वखारवाला म्हणतो, 'बारा वर्षे वाळलेले अस्सल महोगनी.' घेऊ का?

बारा वर्षे ओंडका पडून होता की फाडलेली फळी? ओंडक्याच्या आत ओल तशीच राहते. नेकला ओलावा 8 ते 10 टक्के हवा. कोकणात जुलैत पत्र्याखालची फळी सहज 16 च्या घरात असते. ओलावा मोजायचे मीटर नसेल तर फळीच्या टोकापासून फूटभर आतला तुकडा कापून तोला, 103 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवा आणि पुन्हा तोला. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणा. 56 ग्रॅमचे 50 झाले, तर ओलावा 12 टक्के. म्हणजे थांबायचे.

फळी कोरड्या खोलीत, खाली पट्ट्या देऊन ठेवा. दर आठवड्याला वजन लिहा. पावसाळ्यात आकडा स्थिरावला तरी फसू नका, ती ओल्या हवेशी झालेली बरोबरी असते. ओली फळी घाईने कोरली की उन्हाळ्यात पीळ धरते, आणि पीळ ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईने, निघत नाही. रॉड फक्त बाक सरळ करतो.

'अस्सल'चे म्हणाल तर महोगनी म्हणून नॅटो आणि मेरांती ही दुसरी लाकडे सर्रास खपतात. नॅटो वाईट नाही, पण दर महोगनीचा का द्यावा? माल मध्य किंवा दक्षिण अमेरिकेतून आणलेला सांगत असतील तर आयातीचे कागद मागा; तिथले मोठ्या पानांचे महोगनी 2003 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे. कागद नसतील तर जाणत्या कारागिराला तुकडा दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : मिरजेत तंबोऱ्याला तून हे लाकूड वापरतात. मग गिटारला का नाही?

तंबोऱ्याची दांडी रुंद आणि पोकळ. गिटारची नेक पहिल्या फ्रेटपाशी (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) फिंगरबोर्डसकट जेमतेम 20-22 मिमी, आणि सहा पोलादी तारांचा ताण 70 किलोंच्या पुढे. निवडक तून चालते. ट्रस रॉड मात्र हवाच. टोकाकडून पाहिल्यावर लाकडाच्या वाढीच्या कड्या फिंगरबोर्डला काटकोनात उभ्या दिसाव्यात. टोकाची ढलपी पटाशीने फोडून बघा. फाट फळीच्या कडेला समांतर गेली पाहिजे. तिरकी गेली तर ती फळी सोडा, कारण अशी नेक नटमागे, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीमागे, मोडते. पहिलीच नेक असेल तर कोरण्याआधी कारागिराला दाखवा.

प्रश्न : नेक सहा महिन्यांपासून वाकलीय. व्हिडिओ पाहून रॉड फिरवू?

सहा महिने तारा तशाच ताणून ठेवल्या? आजच सैल करा आणि कारागिराकडे न्या. तो एका वेळी पाव फेराच देईल. जोर लावून रॉड तुटला, तर फिंगरबोर्ड उचकटावा लागतो.