सिस्टरला विचारा : बाबागाडीवरची ओढणी आणि मे महिन्यातली सहल

होळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. सर्दी-खोकला मागे पडतो आणि सहली पुढे येतात. या वेळी चार पत्रं घेतली आहेत, चारही लहान मुलांना घेऊन पार्कात जाण्याबद्दलची.

प्रश्न : सिस्टर, आम्ही चिंचवडला राहतो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या सहा कुटुंबांनी मेच्या दुसऱ्या शनिवारी खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं ठरवलंय. तिकिटंही काढून झाली. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, मुलगी दहा महिन्यांची, अजून अंगावर पिते. सासूबाई म्हणतात, तान्ह्या पोरीला उन्हात फिरवायचं काही नडलंय का? नवरा म्हणतो, तिकडे जेमतेम ३८ असतं, सगळ्यांचीच मुलं येतायत. माझं दोन्हीकडून मरण. काय करू? – एक आई, चिंचवड

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे असं पहिल्याच ओळीत लिहिलं, तर तुमच्या घरी हे मासिक बंद होईल. म्हणून जरा सावकाश सांगते.

आधी ते ३८. लोणावळ्यापर्यंत हवा बरी असते. घाट उतरून खोपोलीच्या अंगाला आलात की गाडीची काच खाली करून बघा. आकडा पुण्याएवढाच असेल, कदाचित कमीही, पण हवा अंगाला चिकटते. घाम येतो आणि वाळत नाही. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता येऊन काही होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या सरकारी कार्यक्रमात उन्हामुळे १४ माणसं गेली, तेव्हा त्या भागात पारा ३८ च्याच आसपास होता. खारघर आणि खोपोली दोन्ही रायगडातली. आणि ती मोठी माणसं होती. तुमची लेक असेल आठ-नऊ किलोची. वजनाच्या मानाने तिची कातडी जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता तिच्या अंगात मोठ्यांपेक्षा लवकर शिरते, आणि तिला पुरेसा घामही येत नाही. गरम होतंय हे सांगता येत नाही ते वेगळंच.

माझं विचाराल तर सहल साडेतीन वर्षांच्या मुलाची आहे. त्याला बाबांबरोबर पाठवा, तुम्ही लेकीबरोबर घरी राहा. किंवा तिला सासूबाईंकडे ठेवा, दूध काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि तुम्हीही जा. एक तिकीट फुकट गेलं तर गेलं. आपल्याकडे पार्कात माणसं आजारी पडतात ती निम्मी उन्हाने आणि निम्मी ‘पैसे वसूल’ करण्याने.

तरीही सगळे जाणार असाल, तर माझी एक फजिती ऐका. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. लेकीचा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा. कुठल्या पार्कात ते लिहीत नाही. जावेच्या नातीला झुकझुक गाडीत बसायचं होतं, रांग मोठी. बाबागाडीवर ऊन येत होतं म्हणून मी माझी सुती ओढणी वरून टाकली आणि चारी बाजूंनी नीट खोचली. त्याआधी एकतीस वर्षं बालरुग्ण विभागात काढलेली बाई मी! वीस-पंचवीस मिनिटांनी कुणीतरी म्हणालं, “किती शांत झोपलाय बघा.” मला ते शांत खटकलं. ओढणीखाली हात घातला, तर पोळ्यांच्या डब्यात हात घातल्यासारखं झालं. डब्यात पोळ्यांवर फडकं टाकतो ना आपण, ऊब राहावी म्हणून? तेच केलं होतं मी. मान लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, हाक मारली तर डोळे अर्धे उघडून परत मिटले. आईने छातीशी धरलं तर ओढ नाही.

प्रथमोपचाराच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. आम्ही बायकांच्या स्वच्छतागृहात शिरलो. झबलं, लंगोट सगळं काढलं, नळाच्या साध्या पाण्याने मान, काखा, जांघा पुसत राहिलो आणि जावेने पार्काच्या नकाशाच्या घडीने वारा घातला. दहा मिनिटांत तो रडायला लागला, मग प्यायला. मग माझ्या अंगावर भरपूर शू केली. इतकी आनंदाने ओली झालेली मी दुसरी कधी आठवत नाही. लेक एवढंच म्हणाली, “आई, तुला कळायला नको?”

म्हणून बाबागाडीवर कापड नको. मलमल असो की पातळ दुपटं, आतली हवा कोंडते. गाडीची स्वतःची छत्री पुरे, नाहीतर बाजूने कुणीतरी छत्री धरा. पोटाशी बांधायच्या पिशवीतही तेच होतं, दोघांची उष्णता एकत्र होते. तिथे तोंड उघडं दिसत राहू द्या आणि दर थोड्या वेळाने तिला बाहेर काढा.

वेळेचं म्हणाल तर असली पार्कं उघडतातच दहा-साडेदहाच्या पुढे, म्हणजे ऊन डोक्यावर येऊ लागलेलं असतं. तेव्हा दिवसाचे तीन तुकडे करा. पहिला दीड तास बाहेर, मुलाला बसायचं त्या दोन-तीन राइड उरकून घ्या. राइड उंचीवर ठरतात, म्हणून मुलाची उंची घरीच मोजून ठेवा, गेटवर रडारड नको. बारा ते चार बंदिस्त जागेत. तिथे ‘आय फॉर इंडिया’सारखे एसीतले प्रकार आहेत, जेवायच्या जागाही एसी आहेत. चारनंतर परत बाहेर. मित्रमंडळी दुपारी दोनला बाहेरच्या रांगेत उभी राहायला निघाली तर जाऊ द्या. आणि स्नो पार्क तान्ह्यासाठी नको. बाहेर ३८ आणि आत शून्याखाली, मोठ्यांनाही हुडहुडी भरते.

लेकीला अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा, आणि मधेमधे उकळून गार केलेलं पाणी चमच्याने. तुम्ही स्वतःही पाणी प्या, पाजणारीचा घसा आधी सुकतो. कपडे एकच थर, सुती आणि सैल. कुंची नको, रुंद काठाची टोपी. पावडर अजिबात नको, घामात तिचा लगदा होतो आणि घामोळं वाढतं. अंग तापलंय का हे हातापायांवरून कळत नाही, मानेमागे आणि छातीवर हात लावा. मुलगा खेळात पाणी मागणार नाही, त्याला दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट द्यायचेच. घसरगुंडीवर बसवण्याआधी तुमच्या हाताची मागची बाजू तिला टेकवा, तुम्हाला पाच सेकंद सोसलं तरच त्याला बसवा. पार्किंगमधल्या गाडीत शिरतानाही आधी दारं उघडा, एसी लावा, सीटबेल्टचं बक्कल चाचपा. ‘एक मिनिटात येते’ म्हणूनसुद्धा मुलांना बंद गाडीत ठेवायचं नाही. दहा मिनिटांत आतला पारा दहा अंशांनी चढू शकतो.

सहा तास लंगोट कोरडा, टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, ही पाणी कमी पडल्याची लक्षणं, तेव्हा सहल तिथेच संपवून डॉक्टर गाठा. अंग भाजल्यासारखं गरम आणि मूल पेंगुळलेलं, ओळख न दाखवणारं, उलट्या करणारं किंवा झटका आलेला असेल तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत कपडे काढून पाण्याने ओलं करत वारा घालत राहा. पेंगुळलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका. आणि पॅरासिटॅमॉलचा नाद नको. हा ताप औषधाने उतरणारा नव्हे.

प्रश्न : जुलैत आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेला चाललो आहोत. नात सव्वादोन वर्षांची आहे. ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डचा चार दिवसांचा बेत आहे. तिथे म्हणे ३३ च्या आसपास असतं. आम्ही नागपूरचे, ४५ पाहिलेली माणसं, त्यात काय एवढं? पण सूनबाई घाबरते. इतक्या लहान मुलांची तिथे काही सोय असते का? – एक आजी, नागपूर

उत्तर : आजी, तुमच्या घरी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असेलच. तो एकदा जुलैत मुंबईला लावून बघा. खोली थंड होणार नाही, फक्त भिंती ओल्या होतील. नागपूरची हवा कोरडी म्हणून तिथे कूलर चालतो, आणि त्याच कारणाने घामही वाळतो. फ्लोरिडात जुलैत कूलर चालायचा नाही, म्हणजे नातीच्या अंगातलाही चालायचा नाही. सूनबाईचं भय खरं आहे, तिला तसं सांगा. तुम्ही सांगितलंत तर तिला दुप्पट बरं वाटेल.

सोयी मात्र भरपूर आहेत. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांत बाळांसाठी वेगळं केंद्र आहे. पाजायला आडोसा, लंगोट बदलायला टेबल, विसरलेल्या वस्तू विकत. ‘रायडर स्विच’ नावाची पद्धत आहे. मुलगा मोठ्या राइडवर गेला तर सून नातीजवळ थांबते, मग तो परत आल्यावर ती पुन्हा मोठ्या रांगेत न लागता जाते. हे आधी तिथल्या माणसाला सांगावं लागतं. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट देतात, मागायची लाज वाटू देऊ नका. चारपैकी मॅजिक किंगडम या पार्कात ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही होडीची सैर आहे, बंदिस्त, गार आणि उंचीची अट नसलेली. ऊन चढू लागलं की तिथेच बसा, हवं तर दोनदा.

जुलैत दुपारी तिकडे बहुधा गडगडाटी पाऊस येतो आणि विजा चमकल्या की बाहेरच्या राइड थांबवतात. त्यामुळे सकाळी गेट उघडताना जायचं, बाराला हॉटेलवर, नात झोपली की तुम्हीही झोपायचं, संध्याकाळी परत. नात तिथलीच, पण तुमच्या शरीराचं घड्याळ साडेनऊ तास पुढे असेल. पोहोचल्यावर तीन-चार दिवस मध्ये जाऊ द्या. तुमच्या ह्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. अशा फिरण्यात नातवंडांआधी आजोबा बसकण मारताना मी पाहिले आहेत.

खिशात कांदा ठेवायचा असेल तर माझी हरकत नाही. त्याने ऊन लागायचं थांबत नाही, पण कुणाचं नुकसानही नाही. फक्त नागपूरहून नेऊ नका, अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतील.

प्रश्न : ऑफिसची पिकनिक वॉटर पार्कला आहे. मुलगा चार महिन्यांचा. सावलीत ठेवू, सनस्क्रीन लावू, बाटलीने पाणी पाजत राहू आणि थोडे पाय बुडवू. चालेल ना? – एक बाबा, वसई

उत्तर : नाही.

सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं. उन्हाळ्यातसुद्धा आईचं दूधच, किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं दूध, फक्त जास्त वेळा. वरच्या पाण्याने पोट भरतं, दूध कमी जातं, आणि पाणी फार झालं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन झटके येऊ शकतात. सनस्क्रीनही या वयात नको, सावली आणि पूर्ण बाह्यांचं झबलं हेच त्याचं सनस्क्रीन. तलावाचं पाणी क्लोरीन घातलेलं असलं तरी त्यात जुलाबाचे काही जंतू तगून राहतात, आणि बाळ हात तोंडात घालणारच. तुम्ही पिकनिकला जाऊन या, भजी खा. बाळाला त्याचा राग यायचा नाही.

प्रश्न : सहलीला जाताना मुलांसाठी ओआरएस न्यावं म्हणून दुकानात गेले. काउंटरवर रंगीत खोकी होती, वर संत्र्याचं चित्र. मुलांना ती चव आवडते. पुडीचं पाणी तोंडातून फुर्रकन उडवतात. खोकी चालतील का? – एक आई, नाशिक

उत्तर : खोक्यातलं बहुतेक सरबत असतं. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, खोक्यांत साखर त्याच्या कितीतरी पट आणि मीठ नावाला. इतक्या गोड पाण्याने जुलाब वाढतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं यासाठी भांडण लावून धरलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. तरी खोकं घेताना आधी मागची बारीक अक्षरं वाचा. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं असेल तरच घ्या.

पुडीत पाणी अंदाजाने घालायचं नाही. मोठी पुडी एक लिटरला, छोटी २०० मिलीला, पुडीवर लिहिलेलं असतं. अर्धी पुडी पेल्यात हा उद्योग तर मुळीच नको, दाट झालं तर उलटा अपाय. वॉर्डात आम्ही आयांना सांगायचो, आधी स्वतः चाखा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्या. मुलं उडवतात तर गार करून चमच्याचमच्याने द्या. ज्याला खरंच पाणी कमी पडलंय ते मूल सहसा उडवत नाही, गटागटा पितं. उडवतंय म्हणजे बहुधा बरं आहे, त्याला साधं पाणी, ताक किंवा बेताच्या साखरेचं पन्हं द्या.

केलेलं ओआरएस चोवीस तासांनी ओतून टाका. तुळशीत नको, मीठ असतं.