पेनसिल्व्हेनियात नवीन आहे, ओळखीचं रान नाही. सरकारी जमिनीवर हरणाची शिकार सुरू करायची तर कुठून सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की पिट्सबर्गला येऊन वर्ष झालं, एच-१बीवर आहात, थँक्सगिव्हिंग झालं की अर्धं ऑफिस रायफल घेऊन गायब होतं आणि आता तुम्हालाही जायचंय. पण ना कुणाचं शेत ओळखीचं, ना जंगल. मीही असाच कोरा होतो. आमच्या आजोबांच्या तोंडून हाक्याच्या आणि मचाणाच्या गोष्टी ऐकलेल्या, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हे सगळं गोष्टींपुरतंच राहिलं. त्यामुळे शिकलो ते इथेच, आणि बरंचसं चुकून.

रान नंतर, आधी व्हिसा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. ज्याच्याकडे इथल्या राज्याचा चालू शिकार परवाना आहे, तो याला अपवाद. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. मित्राची रायफल ‘जरा बघू’ म्हणून हातात घेणंही परवान्याआधी नकोच. आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. १ जुलैला नवा खिशात नसेल तर कपाटातल्या रायफलीचं काय, हा प्रश्न उभा राहतो. ग्रीन कार्ड येईपर्यंत मी ही तारीख फोनवर लावून ठेवली होती. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या, लाजू नका. धनुष्य आणि क्रॉसबो या कायद्यात बंदुकीत मोडत नाहीत, म्हणून काही जण तिथूनच सुरुवात करतात.

परवान्यासाठी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स लागतो. ऑनलाइनही होतो, पण वर्गात बसून करा. फुकट असतो आणि शिकवणारे बहुतेक गावातलेच जुने शिकारी असतात. आमच्या वर्गातल्या म्हाताऱ्याने कुंपण ओलांडायचं कसं यावर वीस मिनिटं घालवली: बंदूक रिकामी करायची, पलीकडे सरकवायची, मग आपण. मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे निसरड्या तारेवर पाय घसरला तेव्हा तोच म्हातारा आठवला.

जागेची ददात नाही. राज्यातल्या शिकारीचा कारभार बघणाऱ्या गेम कमिशनच्या शिकारीच्या जमिनींचे, म्हणजे स्टेट गेम लँड्सचे, ३०० हून जास्त तुकडे आहेत, मिळून १५ लाख एकरांच्या आसपास, बरेचसे शिकाऱ्यांच्याच परवान्याच्या पैशातून घेतलेले. शिवाय राज्याची जंगलं आहेत आणि उत्तरेला अ‍ॅलेगेनी नॅशनल फॉरेस्ट. नवखा इथेच फसतो: दर शनिवारी नवीन जागा. तसं करू नका. घरापासून तासाभराच्या अंतरावरचा एकच तुकडा धरा आणि तो पायाखाली घाला. नकाशावर गाडी लावायच्या जागा दाखवलेल्या असतात. प्रत्येकीभोवती अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढा. बहुतेक माणसं त्या वर्तुळाच्या आतच बसतात. त्यांच्या पायरवाने उठलेली हरणं कुठल्या दाट झुडपात शिरतील, ते शोधणं हे तुमचं काम. आमच्या रानात ती माउंटन लॉरेल नावाच्या झुडपांच्या जाळीत घुसतात. माणूस तिथे वाकूनसुद्धा जाऊ शकत नाही, म्हणून मी जाळीत न शिरता तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर बसतो.

रान वाचायला सगळ्यात चांगले महिने फेब्रुवारी-मार्च. पाला झडलेला असतो, बर्फ वितळल्यावर जुन्या पाऊलवाटा रेघ मारल्यासारख्या दिसतात. नराने शिंगं घासून खोडाची साल सोललेली असते, त्याला इथे ‘रब’ म्हणतात. खुरांनी उकरलेल्या मातीला ‘स्क्रेप’. सप्टेंबरात परत जा आणि व्हाइट ओकची झाडं हेरून ठेवा. त्याची फळं रेड ओकपेक्षा कमी कडू असतात आणि हरणं आधी तिकडे जातात. झाडाखाली ताज्या लेंड्या आणि फळांच्या फुटलेल्या टोप्या दिसल्या की समजा जागा सापडली.

आता वारा. माझा पहिला सीझन वाऱ्याने खाल्ला. उताराच्या मध्यावर ओकला टेकून बसलो होतो. खालून एक मादी आली, चाळीस पावलांवर थांबली. मी श्वाससुद्धा रोखलेला. एवढ्यात ऊन चढलं. तिने मान वर केली, पुढचा पाय जमिनीवर आपटला, एकदा, मग पुन्हा. नाकातून जोरात फुत्कारली आणि पांढरं शेपूट उंच करून गेली. तिच्याबरोबर आणखी तीन गेली, जी मला दिसलीसुद्धा नव्हती. कारण साधं होतं: सकाळी ऊन लागलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी खाली उतरते. खालून वर चढणाऱ्या हवेत मी स्वतःला सुरक्षित समजत होतो, आणि ही तीन माझ्या पाठीशी, वरच्या अंगाला उभी होती. माझा वास थेट त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या चाहुलीने खालची मादीही बिथरली. आता खिशात टाल्कम पावडरची लहान बाटली असते. दर थोड्या वेळाने चिमूटभर उडवायची आणि कुठे जाते बघायचं. रंगाची एवढी काळजी नको. केशरी हरणांना भडक दिसत नाही, निळं मात्र चांगलं दिसतं, तेव्हा जीन्स घरी ठेवा.

नियमांचं पुस्तक दरवर्षी नवीन वाचा. रायफलच्या सीझनमध्ये डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच झगमगीत केशरी सक्तीचं. वस्ती असलेल्या घरापासून १५० यार्डांत, घरमालकाची परवानगी नसेल तर, बंदुकीने शिकार नाही. चारा टाकून बसायचं नाही. नराच्या शिंगांना किती टोकं हवीत ते भागागणिक बदलतं, आणि घाईत टोकं मोजणं जमत नाही. म्हणून पहिल्या वर्षी मादीचा वेगळा परवाना काढाच. तो भागाप्रमाणे मिळतो (गेम कमिशनने पाडलेल्या भागांपैकी पिट्सबर्ग २बी मध्ये येतं) आणि विक्री उन्हाळ्यातच सुरू होते. रायफलचा सीझन २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. त्या दिवशी गर्दी असते, सोमवारी कित्येक शाळांना सुट्टी असते. नवख्याने मंगळवार-बुधवार रजा काढावी.

हरीण पडलं की खरं काम सुरू. जागेवरून हलवण्याआधी परवान्याबरोबर मिळालेला टॅग भरून कानाला बांधायचा. मग पोट फाडून कोथळा काढायचा, नाहीतर मांस लवकर नासतं. यूट्यूबवर दहा वेळा पाहिलं तरी पहिल्यांदा हात थरथरतात, आणि थंडीत आतली ऊब अंगावर येते. सुरी लहान असू द्या, धार वरच्या दिशेने, म्हणजे आतडं फुटत नाही. साफ केलेली मादीसुद्धा चाळीसेक किलो भरते आणि अर्धा मैल चढावर ओढायची असते, त्यामुळे लांब जागा निवडताना परतीची वाट आठवा. मुलांची प्लॅस्टिकची बर्फगाडी कामाला येते. शिकार झाल्याचं दहा दिवसांच्या आत गेम कमिशनला कळवावं लागतं. हरणांना झिजवून मारणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग इथे २०१२ मध्ये सापडला. काही भागांतून डोकं आणि कणा बाहेर न्यायला बंदी आहे, ते नकाशे आधीच बघा.

आणि घरी आलात की कपडे सरळ ड्रायरमध्ये टाका. गुडघ्यामागे, काखेत, कानामागे गोचीड तपासा, बायकोकडून किंवा आरशात. इथली गोचीड तिळाएवढी असते आणि लाइम रोग तिच्याकडूनच होतो.