हजार फ्रेमला अंधार का पडतो?

प्रश्न : ढोल जमिनीवर उभा ठेवून वरच्या पानावर (वाजवायच्या ताणलेल्या पडद्यावर) गुलाल पसरला आणि टिपरू (वाजवायची काठी) मारून उडणारा गुलाल सेकंदाला १००० फ्रेमने टिपला. कॅमेरा भाड्याचा, १२८० × १०२४ पिक्सेलचा. दिवे घरातले एलईडी. चित्र काळपट आणि दाणेदार आलं, शिवाय उजेड सारखा कमीजास्त होतो. ४के कॅमेरा आणला तर सुटेल का?

उत्तर : दाणे थोडे सुटतील, बाकी नाही. १८० अंशांच्या शटरने, म्हणजे फ्रेमचा अर्धा वेळ उघड्या शटरने, २५ फ्रेमला १/५० सेकंद मिळतो, १००० फ्रेमला १/२०००. उजेड ४० पटींनी घटला, म्हणजे सव्वापाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). जिथे लेन्सचं छिद्र एफ/११ ला पुरत होतं तिथे आता एफ/१.८ लागेल (आकडा लहान, छिद्र मोठं). गेन, म्हणजे सिग्नलची विद्युत वाढ, वाढवून ही तूट भरत नाही, दाणे तेवढे वर येतात.

फँटम फ्लेक्स ४के या हाय-स्पीड कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.७५ मायक्रॉनचा, लहानग्या क्रोनॉस १.४ कॅमेऱ्याचा ६.६. एकेका पिक्सेलवर उजेड जवळपास सारखाच पडतो. ४के मध्ये पिक्सेल जास्त, म्हणून त्याच पडद्यावर दाणे बारीक दिसतात, इतकंच. फँटम व्ही२५१२ चा पिक्सेल तब्बल २८ मायक्रॉनचा. तो अंधारात तग धरतो, पण चित्र देतो १२८० × ८०० चं. बारकावा आणि उजेड दोन्ही हवे असतील तर सेन्सर अवाढव्य लागतो, आणि भाडंही.

उजेडाची लपलप दिव्यांची आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. तुमच्या चित्रात हे दर १० फ्रेमला घडतं आणि २५ ने दाखवताना सेकंदाला अडीच वेळा दिसतं. डिमरने मंद केलेले एलईडी याहून वाईट. दिवा पूर्ण ठेवा, जास्त झाला तर मागे सरकवा.

खरं तर ढोल अंगणात न्या. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० ला १/२००० वर एफ/१० च्या आसपास मिळतं, तेही फुकट. सूर्य गुलालाच्या मागे, पाठीमागे सावलीतलं काळं कापड.

कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. मग त्याच फ्रेमरेटला आणि शटरला, लेन्सला टोपी लावून ब्लॅक बॅलन्स करा, म्हणजे काळं किती काळं ते कॅमेऱ्याला ठरवू द्या. उन्हात टोपीवर कापडही टाका. फटीतून उजेड शिरला तर काळ्याचा हिशेब चुकतो आणि उभ्या रेघा उमटतात. पंख्याच्या जाळीत गुलाल जाऊ देऊ नका, पण जाळी झाकूही नका.

प्रश्न : ग्लोबल शटर घ्यावंच का?

उत्तर : ग्लोबल शटर अख्खी फ्रेम एकाच क्षणी टिपतं, रोलिंग शटर ओळीमागून ओळ. टिपरूसाठी ग्लोबलची अट नाही. रोलिंग शटरने अख्खी फ्रेम १/१००० सेकंदात वाचली, तर सेकंदाला ५ मीटर वेगाचं टिपरू तेवढ्यात ५ मिलिमीटर सरकतं. तिरकेपणा नजरेत येत नाही. फ्लॅश किंवा स्ट्रोब असेल तर मात्र ग्लोबलच, नाहीतर अर्धी फ्रेम उजळते. ग्लोबलमध्ये प्रत्येक पिक्सेलला वाचणी होईपर्यंत उजेडाचा हिशेब साठवायला जागा लागते, आणि ती सहसा उजेड झेलणाऱ्या भागातूनच जाते. म्हणून सावल्यांतला तपशील थोडा कमी मिळतो.