माळ्यावरचा खजिना आणि घरातली गंगाजळी

वाचकाचा प्रश्न: अठरा वर्षं कॉमिक्स आणि ग्राफिक नॉव्हेल्स जमवतोय. सुमारे नऊशे अंक आहेत, सगळे वाचलेले. ओळखीतले एक संग्राहक आपला अख्खा संग्रह विकताहेत. अंदाजे दोन हजार तीनशे अंक, त्यात १९७४ चा 'द इन्क्रेडिबल हल्क' क्रमांक १८१ सुद्धा. किंमत आमच्या घरच्या अकरा महिन्यांच्या खर्चाइतकी. आठ महिन्यांचा खर्च आपत्कालीन निधी म्हणून मुदत ठेवीत आहे, तो मोडायचा. उरलेले पैसे मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या म्युच्युअल फंडातून काढायचे. मोठमोठ्या लिलावांच्या बातम्या वाचल्या की वाटतं, शेअरपेक्षा हेच बरं. पत्नी म्हणते, हौस म्हणून घे, गुंतवणूक म्हणू नकोस. दहा दिवसांत कळवायचंय. काय करू?

उत्तर: अख्खा संग्रह घेऊ नका. मुदत ठेवीला आणि मुलीच्या फंडाला हात लावू नका. त्यातले काही अंक मात्र जरूर घ्या. ते कसे, ते पुढे सांगतो.

आधी तुमच्या पत्रातल्या एका परिच्छेदाबद्दल. शाळेत असताना मित्राच्या अंकात तुम्ही एक पान पाहिलंत. सहा चौकटी आणि एकही शब्द नाही. पहिल्या चौकटीत दार बंद, शेवटच्या चौकटीत उघडं. दार कोणी उघडलं ते चित्रात कुठेच नव्हतं, तरी ते तुम्हाला 'दिसलं'. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत वाचक स्वतः गोष्ट पुढे नेतो, हे त्या वयात कोणी न शिकवता तुमच्या लक्षात आलं आणि तिथून तुमचं वेड सुरू झालं. तो परिच्छेद मी तीनदा वाचला. इतक्या प्रेमाने माणूस जे वाचतो, त्यावर पैसे खर्च करणं मला कधीच वायफळ वाटत नाही. हौसेला मोल नसतं. पण या व्यवहाराला आहे, आणि ते तुमच्या घराने मोजायचं आहे.

आता लिलावांच्या बातम्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'सुपरमॅन' क्रमांक १ ची एक प्रत ९१ लाख २० हजार डॉलरला गेली. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' क्रमांक १ ला ६० लाख डॉलर मिळाले होते. आकडे खरेच आहेत. पण ती 'सुपरमॅन'ची प्रत आली कुठून, तेही बघा. तीन भावांना आपल्या दिवंगत आईच्या घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली ठेवलेल्या खोक्यात ती सापडली. आईने आणि तिच्या भावाने लहानपणी घेतलेला अंक, छापील किंमत १० सेंट. परतावा मिळवायला नव्हे, वाचायला घेतलेला. त्या काळच्या बाकीच्या प्रती मुलांनी हाताळून फाडल्या, आयांनी टाकून दिल्या, दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांमध्येही कितीतरी गेल्या. भाव आला तो या नासाडीमुळे. जपण्यासारखं काही आहे असं तेव्हा कोणाला वाटलंच नाही, म्हणून उरलेल्या मूठभर प्रती मौल्यवान ठरल्या.

हे कळल्यावर लोकांनी काय केलं? सगळ्यांनीच जपायला घेतलं. १९९१ मध्ये 'एक्स-मेन' क्रमांक १ निघाला. वेगवेगळी मुखपृष्ठं, ८० लाखांहून जास्त प्रती. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद करून विकला गेला, आणि लोकांनी एक वाचायला, एक न उघडता ठेवायला असे गठ्ठे उचलले. मुलांच्या शिक्षणाचा खर्च यातून निघेल असा हिशेब करणारेही होते. पुढे मागणी ओसरली, दुकानं बंद पडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने, म्हणजे 'एक्स-मेन' आणि 'हल्क' काढणाऱ्या कंपनीने, दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याला कंपनीची इतरही कारणं होती, पण ओसरलेला बाजार त्यातलं मोठं कारण होतं. ते जपलेले अंक आजही नव्यासारखे कोरे मिळतात आणि बहुतेक सगळे किरकोळ भावात. तुमच्यासमोर आलेल्या संग्रहातले निम्म्याहून जास्त अंक १९९० ते १९९६ मधले आहेत, हे तुम्ही पाठवलेल्या यादीवरून दिसतं. मालकांना तो तुकड्यांत का विकायचा नाही, याचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं.

माझा खरा आक्षेप मात्र भाव वाढेल की नाही यावर नाही. समजा वाढेल. तुम्ही पैसे कुठून आणताय ते बघा. आपत्कालीन निधी हा नोकरी गेली, घरात कोणी आजारी पडलं, तर दोन दिवसांत हातात यावा म्हणून असतो. तो कॉमिक्समध्ये घातलात आणि चौथ्या महिन्यात गरज पडली, तर? दोन हजार तीनशे अंक सुटे विकायचे म्हणजे प्रत्येकाचा फोटो काढा, दोष लिहा, गिऱ्हाईक शोधा, पुठ्ठा लावून पाठवा. यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. घाई असेल तर व्यापाऱ्याकडे जावं लागेल. त्याला पुढे विकायचं असतं, तेव्हा तो किरकोळ भावाच्या निम्म्याहून कमी देणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणजे अकरा महिन्यांच्या खर्चाचे पाच महिने झाले, तेही नशीब असेल तर. शिवाय ज्या मंदीत नोकऱ्या जातात, त्याच मंदीत लोक हौसेच्या वस्तू घेणं आधी थांबवतात. तुम्हाला विकायची निकड येईल, नेमकं तेव्हा गिऱ्हाईक नसेल.

माझ्या एका अशिलाची गोष्ट सांगतो. त्यानेही असाच एक महागडा अंक घेतला, प्रतवारी करून, म्हणजे अवस्था तपासून गुण देऊन, कडक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेला. दहापैकी ९.४ गुण. डबी फोडली की ते गुण गेले, म्हणून त्याने तो अंक कधी उघडला नाही. पाच वर्षं तो कपाटात होता. माझ्यासमोर विकायला काढताना तो म्हणाला, "यातली गोष्ट मी फोनवर वाचली." हे ऐकून मला वाईट वाटलं होतं. तुमचे नऊशेच्या नऊशे अंक वाचलेले आहेत, हीच तुमच्या संग्रहाची मला सर्वात आवडलेली गोष्ट.

हल्क १८१ चं आकर्षण मी समजू शकतो. वुल्व्हरिन हा मार्व्हलचा लोकप्रिय नायक पूर्ण गोष्टीत पहिल्यांदा येतो तो हाच अंक. आधीच्या १८० मध्ये तो शेवटच्या चौकटीत फक्त दिसतो. पण या एका अंकासाठी तुम्ही सगळी किंमत पटवून घेताय, आणि तो सीलबंद नाही, त्याची प्रतवारीही झालेली नाही. मालकांना विनंती करून तो टेबलावर सपाट ठेवा आणि वाचकांच्या पत्रांचं पान उघडा. त्या काळात मार्व्हल आपल्या अंकांत तिकिटासारखा एक छोटा चित्रचौकोन छापायची. मुलं तो कात्रीने कापून वहीत चिकटवायची. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी तो कापला असेल, तर मुखपृष्ठ कितीही झळाळतं असलं तरी ती प्रत अपूर्ण ठरते आणि भाव कोसळतो. मग मधल्या पिना बघा, गंज आहे का. पानं किती पिवळी पडली आहेत, कडा कापून सरळ केल्यात का, कणा रंगवलाय का, हेही तपासा. रंग भरलेली किंवा कडा कापलेली प्रत प्रतवारीत 'दुरुस्त केलेली' म्हणून वेगळी काढली जाते आणि तिला कमी पैसे मिळतात.

आता काय करायचं ते. पत्रात तुम्ही एक गोष्ट ओझरती लिहिली आहे: हौसेसाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्यात सध्या दीड महिन्याच्या खर्चाइतके पैसे आहेत. तुमचं बजेट तेवढंच. यादीतल्या ज्या दोन मालिका तुमच्याकडे अर्धवट आहेत, त्यांचे राहिलेले अंक निवडा आणि त्यांचा भाव मागा. मालक नाही म्हणाले तर सोडून द्या. हे अंक पुन्हा मिळतात, दहा दिवसांत जग बुडत नाही. मालिका पूर्ण करण्यात तुम्हाला जो आनंद आहे तो १८१ नसतानाही पूर्ण आहे. १८१ हवाच असेल तर तो सुटा घ्या, प्रतवारी झालेला, कमी गुणांचा का असेना. त्यासाठी हौसेच्या खात्यात दोन-तीन वर्षं भर घाला आणि दुबार अंक विका.

ग्राफिक नॉव्हेल्सबद्दल वेगळी काळजी नको. ती पुस्तकांसारखी पुन्हा छापली जातात. छपाईबाह्य झालेल्या जाड खंडाचा भाव कधी दुप्पट होतो, पण पुनर्मुद्रण जाहीर झालं की खाली येतो. तेव्हा थांबा आणि वाचायला घ्या.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला पटतं, आणि त्यात मी एक भर घालतो. एकूण मालमत्तेच्या हिशेबात या संग्रहाची किंमत शून्य धरा. निवृत्तीचा, मुलीच्या शिक्षणाचा आराखडा त्याच्याविना उभा राहायला हवा. पण संग्रहाची यादी मात्र करा. अंक, वर्ष, अवस्था, कुठे ठेवलाय, विकायचा झाल्यास कोणाला विचारायचं. यादीची एक प्रत पत्नीकडे द्या. घराच्या सर्वसाधारण विम्यात अशा वस्तूंच्या भरपाईला बहुतेकदा मर्यादा असते, ती पॉलिसीत वाचून घ्या. साध्या प्लॅस्टिक पिशव्यांऐवजी पॉलिएस्टरच्या पिशव्या आणि आम्लरहित पुठ्ठे वापरा. जुना अंक स्वस्त लगदा-कागदावर छापलेला असतो, तो उजेड आणि दमटपणाने आतूनच पिवळा होत ठिसूळ होतो. हा खर्च हौसेच्या खात्यातून आधी करा, नवे अंक त्यानंतर.

मालकांना आज फोन करून सांगा की सगळं घेणं जमणार नाही, पण इतके अंक हवे आहेत. आणि १८१ त्यांनी दाखवलाच, तर ते पत्रांचं पान उघडून बघा. चौकोन जागेवर आहे की नाही, मला नक्की कळवा.