टिक डेटा मेमरीत मावत नाहीये? आधी हे कर
मित्रा, टिक म्हणजे बाजारातल्या एकेका सौद्याची नोंद, आणि असा डेटा पायथॉनमध्ये भरताना मेमरी एरर सुरुवातीला सगळ्यांनाच येते, लगेच रॅम वाढवायला धावू नकोस, आधी हिशोब मांड. एका टिकला वेळ, भाव, संख्या असे ८-८ बाइटचे ३ आकडे धरले तर २४ बाइट, म्हणजे १० कोटी टिक झाले २.४ जीबी. पण तेच पायथॉनच्या लिस्टमध्ये एकेका टिकची डिक्शनरी करून ठेवलंस की कित्येक पट फुगतं, कारण प्रत्येक टिकमागे वेगळे ऑब्जेक्ट तयार होतात. नवीन लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच.

सध्या एवढंच कर:
- डेटा नमपायच्या (आकड्यांसाठीची पायथॉन लायब्ररी) अ‍ॅरेत ठेव, सिम्बॉलचं (शेअरचं छोटं नाव) नाव ओळीओळीला स्ट्रिंग नको, पांडाजमध्ये (टेबल हाताळायची पायथॉन लायब्ररी) कॅटेगरी कर, म्हणजे नावाऐवजी छोटा क्रमांक साठवला जातो.
- रोजची वेगळी पार्के फाइल (डेटा कॉलमवार साठवणारा फाइल प्रकार), आणि वाचताना लागतील तेवढेच कॉलम घे.

आणि हो, जागा वाचवायला भाव फ्लोट३२ (३२ बिटांचा दशांश आकडा) मध्ये टाकू नकोस, त्यात जेमतेम ७ अंक अचूक राहतात, मोठ्या भावाचे शेवटचे दशांश बिघडतात आणि ते लवकर लक्षातही येत नाही. त्यापेक्षा भावाच्या सगळ्यात लहान पायरीच्या पटीत पूर्णांक ठेव, म्हणजे भावात अशा किती पायऱ्या बसतात तो आकडा, ३२ बिट बहुतेक वेळा पुरतात.

डेटाबेस वगैरे नंतर बघू. आज फक्त एका दिवसाची फाइल पांडाजमध्ये उघड, किती मेमरी खातेय ते बघ आणि इथे सांग.