वाचकांचे प्रश्न : पंचाहत्तरीची अट आणि कोविडची लस

प्रश्न : मी ६९ वर्षांची असून आम्ही उभयता इंग्लंडमध्ये लेस्टरला मुलाकडे स्थायिक आहोत. मला मधुमेह आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये हिवाळ्याच्या तोंडावर फार्मसीत एका दंडावर फ्लूची आणि दुसऱ्या दंडावर कोविडची लस मोफत मिळाली. २०२५ मध्ये फ्लूची लस टोचून झाल्यावर ‘कोविडची आता पंचाहत्तरीनंतर’ असे सांगण्यात आले. लस निरुपयोगी ठरली, तिच्यात दोष सापडला, की म्हाताऱ्यांवरचा खर्च वाचवला? यजमान ७२ वर्षांचे असून आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेतात, त्यांनाही नकार मिळाला. पैसे भरून लस घ्यावी का?

उत्तर : तुमच्या तीन तर्कांपैकी तिसरा सत्याच्या सर्वांत जवळ जातो. २०२५ च्या शरद ऋतूपासून इंग्लंडमध्ये ही लस ७५ वर्षे व त्यापुढील व्यक्ती, वृद्धनिवासांतील ज्येष्ठ आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण एवढ्यांनाच सरकारी खर्चाने मिळते. जेसीव्हीआय या लसीकरणविषयक ब्रिटिश तज्ज्ञ समितीने हा सल्ला दिला. साथीच्या काळात सरकारने लशींचा साठा आधीच विकत घेऊन ठेवला होता, त्यामुळे प्रत्येक डोसमागचा खर्च भरून निघतो का, हा हिशेब नेहमीच्या काटेकोरपणे केला जात नव्हता. आता मात्र इतर लशींना लावतात तीच कसोटी तिला लावली जाते, म्हणजे एका रुग्णाला इस्पितळात दाखल होण्यापासून वाचवण्यासाठी किती जणांना लस टोचावी लागते आणि त्यासाठी किती खर्च येतो, हे पाहिले जाते. बहुतेकांना लस, संसर्ग किंवा दोन्हींमुळे बऱ्यापैकी संरक्षण मिळालेले असल्याने हा आकडा वाढत गेला. धोका वयाबरोबर हळूहळू चढत जातो, पंचाहत्तराव्या वाढदिवशी तो एकाएकी उगवत नाही. सरकारला मात्र कुठेतरी रेघ मारावीच लागते. ‘तुम्हाला लशीची गरज नाही’ असा तिचा अर्थ लावू नये.

लशीकडून अपेक्षा किती ठेवावी, हेही सांगितले पाहिजे. संसर्ग टाळण्याची तिची शक्ती काही महिन्यांतच ओसरते; गंभीर आजारापासूनचे संरक्षण त्याहून अधिक टिकते, पण उतारवयात तेही लवकर कमी होते. शिवाय हा विषाणू फ्लूप्रमाणे हिवाळ्याची वाट पाहत नाही. भारतात २०२५ ची वाढ ऐन मे-जूनमध्ये झाली, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना ब्रिटनमध्ये वसंतातही एक डोस देतात तो याच कारणांमुळे.

यजमानांच्या बाबतीत काउंटरवरचा नकार अखेरचा मानू नका. मेथोट्रेक्सेटसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा प्रकार आणि मात्रा दोन्ही पाहून पात्रता ठरते, त्यामुळे मेथोट्रेक्सेट घेणारे सगळेच नव्हे, पण काही जण निश्चित पात्र ठरतात. आठवड्याला किती मिलिग्रॅम, सोबत स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शन आहे का, हे कागदावर लिहून जीपींना, म्हणजे तिथल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, दाखवा.

तुमच्यापुरते बोलायचे तर नुसत्या मधुमेहावर आता मोफत लस मिळत नाही. खासगी फार्मसीत ती २०२४ पासून विकत मिळते, पण फायझरच्या डोसला शंभर पौंडांच्या आसपास पडतात. साखर आटोक्यात असेल आणि एवढी रक्कम जड जात असेल, तर लस न घेण्यात बेफिकिरी नाही. रक्कम परवडत असेल, लग्नसराईत भारतात येणार असाल, तर निघण्यापूर्वी दोनेक आठवडे ती घेणे शहाणपणाचे ठरेल. न्यूमोनियाची लस झाली आहे का, हे मात्र आधी पाहा. पासष्टीनंतर ती तिथे मोफत आहे.

अमेरिकेतही २०२५ मध्ये मंजुरी ६५ वर्षांपुढील आणि जोखमीच्या व्यक्तींपुरती मर्यादित झाली, म्हणून दोन्ही देशांना एकाच मापाने मोजले जाते. ते मला पटत नाही. ब्रिटिश समितीने आपली कारणमीमांसा जाहीर केली, तर अमेरिकेत आरोग्यमंत्र्यांनी जून २०२५ मध्ये लसविषयक सल्लागार समितीच्या सर्व १७ सदस्यांना एकदम काढून टाकले. अशा वातावरणात निघालेल्या निर्णयावर लोकांचा विश्वास बसणे कठीणच.

प्रश्न : आमच्याकडे २०२२ नंतर कोणी बूस्टर घेतला नाही, तरी सगळे ठणठणीत आहेत. लशीमुळे तरुणांना हार्ट अटॅक येतात, असेही ऐकतो. मग डायलिसिसवर असलेल्या माझ्या ८० वर्षांच्या वडिलांना पुन्हा लस द्यावी का? (सातारा)

उत्तर : तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचा आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेने ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने अभ्यास केला. १८ ते ४५ या वयोगटात लशीमुळे असा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. कोविशील्डमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि फायझरसारख्या एमआरएनए लशींमुळे, विशेषतः तरुण पुरुषांत, हृदयस्नायूंचा दाह होण्याचा अतिशय दुर्मीळ धोका आहे, आणि तो लपवण्यात कोणाचेच हित नाही. कुटुंब ठणठणीत राहिले याचे श्रेय मात्र आधीच्या डोसांना आणि दरम्यान होऊन गेलेल्या, कदाचित कळलेल्याही नसलेल्या संसर्गांना जाते. त्यावरून वडिलांबाबत निष्कर्ष काढता येणार नाही.

आपल्याकडे जुलै २०२२ पासून ७५ दिवस प्रौढांना प्रिकॉशन डोस (म्हणजेच बूस्टर) मोफत दिला गेला. दर वर्षी डोस देण्याचा सरकारी कार्यक्रम नाही. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने २०२३ मध्ये आणलेली लस ओमायक्रॉनच्या सुरुवातीच्या रूपावर बेतलेली होती आणि विषाणू त्यानंतर बराच बदलला आहे. म्हणून लस द्यावी का आणि कोणती, हे नेफ्रॉलॉजिस्टशी (मूत्रपिंडतज्ज्ञांशी) बोलूनच ठरवा. त्याच भेटीत फ्लू व न्यूमोनियाच्या लशींचेही विचारा. घरात कोणाला खोकला असेल तर त्याने वडिलांजवळ मास्क लावावा. वडिलांना ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी चाचणी करून घ्या, कारण विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या पाच दिवसांत सुरू कराव्या लागतात आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत त्यांची मात्रा डॉक्टरांना वेगळी ठरवावी लागते.