६ लिनक्स सर्व्हर आहेत, परफॉर्मन्स बघायला प्रोमिथियस घ्यावं, झॅबिक्स की नागिओस?

कोणतंही घ्या, पण आधी सांगा, सिसस्टॅट (परफॉर्मन्सचे आकडे नोंदवून ठेवणारं पॅकेज) चालू आहे का? बहुतेक नसणार, कारण डेबियन-उबुंटूच्या बऱ्याच व्हर्जनवर ते नुसतं इन्स्टॉल करून भागत नाही, कॉन्फिगमध्ये इनेबल करावं लागतं, तोवर सारच्या, म्हणजे त्यातल्या जुने आकडे दाखवणाऱ्या कमांडच्या, फाइलमध्ये काहीच साठत नाही.

हे एवढं तावातावाने का सांगतोय तर २०१४ साली मी पुण्यात एका कंपनीत होतो, तिथे एका क्लायंटचा डेटाबेस सर्व्हर अचानक रोज दुपारी झोपायला लागला. टॉप कमांड लावली की लोड (चालू आणि ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) ४०, सीपीयूचे कोअर ८. आमच्या साहेबांनी लोडचा आकडा बघितला आणि तिथल्या तिथे निकाल दिला, सीपीयू कमी पडतोय, मोठं मशीन घ्या. मी म्हटलं सर, आयडल ५५ टक्के आहे आणि डब्ल्यूए, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ, ४०, सीपीयू तर रिकामा बसलाय. तर म्हणाले, लोड म्हणजे सीपीयू, तू कालचा पोरगा. अहो पण लिनक्सवर १९९३ पासून लोडमध्ये डी स्टेटमधल्या, म्हणजे डिस्कवर नाहीतर एनएफएसवर अडकलेल्या प्रोसेसही मोजतात, जुन्या युनिक्सवर हात बसलेली माणसं नेमकी इथेच चुकतात. नवीन १६ कोअरचं मशीन आलं, जुन्याच स्टोरेजला जोडलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लोड परत ४०.

मी महिनाभर आधी कोणाला न विचारता सार चालू करून ठेवलं होतं. मागच्या फाइली उघडल्या तर डिस्कचा अवेट, म्हणजे एका रिक्वेस्टला लागणारा सरासरी वेळ, आधी ५-६ मिलिसेकंद, आणि एका तारखेपासून दुपारी थेट २५०. रेडमधली, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचातली, एक डिस्क मरायला टेकली होती पण कंट्रोलर तिला फेल म्हणत नव्हता. डिस्क बदलली, लोड २ वर आला. हा आधीचा आकडा नसता तर २५० वाईट की नेहमीचंच, हे कशावरून ठरवणार होतो?

तर तुमचं उत्तर: सहाही मशीनवर सिसस्टॅट आणि नोड एक्स्पोर्टर (प्रोमिथियसला आकडे पुरवणारा प्रोग्राम) टाका, प्रोमिथियस आणि आलेख दाखवणारं ग्राफाना वेगळ्या सातव्या मशीनवर ठेवा, सर्व्हरसोबत मॉनिटरिंगही पडलं तर काय उपयोग. प्रोमिथियस डिफॉल्टला १५ दिवसांचाच डेटा ठेवतं, ते वाढवा, नाहीतर मागच्या महिनाअखेरीशी तुलना करता येत नाही. अलर्ट लोडवर लावूच नका, अवेटवर लावा, आणि कर्नल ४.२० किंवा त्यापुढचा असेल तर प्रेशरचे (सीपीयू, मेमरी, डिस्कसाठी प्रोसेस किती वेळ अडकल्या त्याचे) आकडे मिळतात, त्यावर लावा. ऐन वेळी हाताने बघायला व्हीएमस्टॅट आणि आयओस्टॅट पुरे, फक्त त्यांचा पहिला रिपोर्ट सोडून द्या, ती बूट झाल्यापासूनची सरासरी असते.

हां, सार डिफॉल्टला १० मिनिटांची सरासरी देतं, अर्ध्या मिनिटाचा झटका त्यात विरून जातो, म्हणून १ मिनिटावर आणा. आणि एखादं मशीन फ्रीबीएसडी असेल तर तिकडे डिस्क बघायला जीस्टॅट.

मीटिंगमध्ये कोणी लोड बघून सीपीयू वाढवा म्हणालं तर व्हीएमस्टॅटचा बी कॉलम (अडकलेल्या प्रोसेसची संख्या) स्क्रीनवर लावा आणि तिथेच बोला. मी तेव्हा एकदा बोलून गप्प बसलो, आणि त्या १६ कोअरच्या मशीनचे पैसे क्लायंटच्या खिशातून गेले.